रकाना चौदावा

त्सोमो नदीच्या अलीकडे, पत्र्याच्या मेथडिस्ट देवळात
गुरुवारी दुपारी दोनला बायका जमतात.
लाल ब्लाउज, काळा स्कर्ट, पांढरी टोपी,
आणि कोळशाच्या इस्त्रीचा वास.
मी शेवटच्या बाकावर, तपकिरी स्वेटरमध्ये.
मला लाल मिळायला अजून सात महिने आहेत,
तोवर माझी पारख चालू आहे.
म्हणजे चहा मी करायचा.

प्रार्थना झाली. माचावे नेहमीसारखी लांबली,
देवाला तिनं प्रत्येक मोडक्या नळाचा पत्ता सांगितला.
आमच्या गाण्याला वाद्य नसतं.
चामड्याची चपटी उशी डाव्या हातात धरून
माभेले उजव्या हातानं थापते,
आणि भिंतीवरचं कॅलेंडर हलतं.

मग अभ्यास.
आज रूथचा दुसरा अध्याय होता,
सरवा वेचणारी विधवा.
मागाबानं (चाळीस वर्षं शाळेत शिकवलं तिनं,
अजून आमची तोंडं शुद्धलेखन तपासल्यासारखी बघते)
पुस्तक मिटलं.
म्हणाली, नोकुझोला, तो अर्ज काढ.

पिशवीत साखरेखाली होता.
खाणीचा अर्ज. अकरा पानं, सगळी इंग्रजी.

तिनं तो शास्त्रासारखा वाचला,
एक ओळ इंग्रजीत, एक ओळ आमच्या खोसात,
आणि मग सवयीनं विचारलं,
"यातून आपण काय शिकतो?"
आधी कुणी हसलं नाही. मग सगळ्याच हसल्या.

रकाना तिसरा: आजार कधी सुरू झाला.
मला कुठं ठाऊक. डिसेंबरला तो घरी यायचा
तेव्हा काय काय घेऊन यायचा:
घोंगडी, रेडिओ, खोकला.
माभेले म्हणाली, लिही, ज्या वर्षी त्याला
देवळाची ही चढण दोनदा बसून चढावी लागली.
ते साल सगळ्यांना आठवत होतं.
त्याच साली नळ आले, त्याच साली आटले.

रकाना नववा: मृताची फुप्फुसं तपासणीसाठी
जोहान्सबर्गला पाठवली होती का?
होय. नाही. एकावर खूण करा.

किटली उकळत होती. मी उतरवली नाही.
सिन्दिलेला आम्ही अख्खा पुरला.
डॉक्टर म्हणाला होता, डब्यात घालून पाठवतात,
पैसे लवकर सुटतात.
त्याची आई दारात आडवी उभी राहिली:
माझ्या पोटातून जेवढा आला तेवढाच जाईल.
मी "नाही"वर खूण केली
आणि पेन खाली ठेवता येईना.

माचावेचे डोळे मिटलेले. वाटलं, परत प्रार्थना.
ती म्हणाली, शहरात वीस वर्षं
मी मालकिणीची सोन्याची बांगडी ब्रशनं घासली.
धुळीचा कण सापडला नाही कधी.
धूळ सगळी इकडे आली.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
पत्र्यावर एक कावळा चालत होता, इकडून तिकडे.

रकाना चौदावा: साक्षीदार. जागा एका नावापुरती.
माभेलेनं नाव लिहिलं, कारण शेवटच्या महिन्यात
रात्री उशाशी तीच बसायची, मला झोप मिळावी म्हणून.
तिच्याखाली माचावेनं लिहिलं. मग समासात,
मग कागद फिरवून, पानाच्या आकड्यापर्यंत.
दोघींना लिहिता येत नाही. शाईचं पॅड नव्हतं,
बूटपॉलिश होतं.

"हे परत येईल," मागाबा म्हणाली. "एकच नाव हवंय त्यांना."
माभेले अंगठा पुसत होती.
"येऊ दे की. गुरुवार काय संपलेत?"

चहा गोड झाला होता, फारच. कुणी काही म्हटलं नाही.

चारला फाटकाशी नोलुफेफेचा नवरा आला,
पिठाचं पोतं न्यायला, रिकामी हातगाडी घेऊन.
रिकामीच. तरी तो खांबाला टेकला,
आणि खोकला.

नोलुफेफेनं टोपी सरळ केली, उगीचच.
माभेलेनं उशी उचलली आणि जरा जोरात थाप दिली.
आम्ही गायला लागलो, शेवटचं गाणं, अर्धवट पाठ असलेलं.
गाता गाता मागाबा माझ्याकडे वाकली,
कानात विचारलं,
तुझ्याकडे कोरा अर्ज अजून एक आहे का?